सात यार्ड मागे, गुडघा टेकून

मुलगा दहावीत जाणार होता त्या उन्हाळ्यात, म्हणजे २०२२ च्या ऑगस्टमध्ये, शाळेच्या फुटबॉल कोचचा मला फोन आला. "तुमच्या मुलाला एक दिवस आमच्याकडे पाठवता का? फक्त बॉल मारून बघायचाय." मी म्हटलं, तो तर रोजच सरावाला येतो की. मग उलगडा झाला. आमचा मुलगा खेळायचा तो सॉकर आणि फोन आला होता अमेरिकन फुटबॉलवाल्यांचा. त्यांचा किकर, म्हणजे बॉल पायानं मारणारा खास खेळाडू, बारावी होऊन निघून गेला होता.

माझं लहानपण कोल्हापुरात, शिवाजी पेठेत गेलं. तिथं फुटबॉल एकच. गांधी मैदानावरच्या तांबड्या मातीत आम्ही तो खेळलो. हंगाम लागला की शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल यांचे सामने व्हायचे आणि त्या दिवशी अख्खी पेठ तिकडे असायची. मी तालमीच्या दुसऱ्या संघातून चार हंगाम खेळलो. आबा, म्हणजे माझे वडील, आजही स्टेडियमच्या पायऱ्यांवर जाऊन बसतात. न्यू जर्सीत राहून मुलाच्या पायात फुटबॉल राहिला, याचं मला केवढं अप्रूप होतं ते शब्दांत सांगता येणार नाही. आणि आता तो सोडायचा की काय, असा प्रश्न उभा राहिला. इथल्या शाळांत सॉकर आणि फुटबॉल दोन्ही शरद ऋतूतच असतात. दोन्ही डगरींवर पाय ठेवता येत नाही.

कोचनी सॉकरच्याच पोराला का बोलावलं, ते त्यांनी नंतर मला समजावून सांगितलं. पूर्वी किकर सरळ धावत येऊन बुटाच्या टोकानं बॉल मारत. हंगेरीहून आलेला, कॉर्नेलमध्ये शिकलेला पीट गोगोलाक १९६४ मध्ये बफेलो बिल्स संघात आला आणि त्यानं बाजूनं तिरकं येऊन, सॉकरसारखं पायाच्या वरच्या भागानं मारायला सुरुवात केली. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तसं करणारा तो पहिला. आता सगळेच तसं मारतात. म्हणून दर ऑगस्टला कोच सॉकरच्या मैदानाकडे बघत असतात.

मुलानं पहिल्याच दिवशी पस्तीस यार्डांवरून बॉल खांबांमधून पार केला. घरी आल्यावर म्हणाला, "बाबा, सॉकरमध्ये मी बावीस पोरांतला एक असतो. इथे सगळे थांबतात आणि मी मारतो." मला काय बोलावं ते सुचेना. रात्री आबांना फोन लावला. ते म्हणाले, "हातात घिऊन पळत्यात त्याला फुटबॉल कसं म्हणायचं रं?" थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "पण ह्यो पायानंच मारणार न्हवं? मग मारू दे की."

अकरावीच्या सुरुवातीला त्यानं सांगितलं की कॉलेजातही खेळायचंय. तोवर मला वाटत होतं की चांगलं खेळणाऱ्याला कोणीतरी येऊन घेऊन जातं. पेठेत तसंच होतं. तालमीतल्या जाणत्या माणसानं खेळ बघितला, खांद्यावर हात ठेवला, की झाला तुम्ही संघात. इथे शाळेत फुटबॉल खेळणारी मुलं सुमारे दहा लाख आहेत. त्यातली शंभरात सातेक एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांच्या खेळांच्या संघटनेच्या, कुठल्या ना कुठल्या संघात पोचतात, तेही सगळ्या डिव्हिजन धरून. डिव्हिजन म्हणजे श्रेणी, एक सगळ्यात वरची. किकरची गत आणखी वेगळी. संघात लाइनमन, म्हणजे समोरच्याला अंगानं भिडणारे, डझनाहून जास्त लागतात, किकर दोन-तीन. असलेला किकर दुसऱ्या वर्षाला असेल तर त्या कॉलेजची जागा तीन वर्षं भरलेली. म्हणजे तुम्ही कितीही चांगले असा, तुमच्या वर्षी जागा निघाली तरच.

आम्ही आधी अभ्यासाचं पाहिलं. डिव्हिजन एकमध्ये खेळायचं तर एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरवर, म्हणजे पात्रता तपासणाऱ्या विभागात, नाव नोंदवावं लागतं. शाळेत मिळून १६ कोअर, म्हणजे त्यांच्या यादीतले मुख्य, विषय लागतात. त्यातले १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण झालेले हवेत आणि त्या १० मधले ७ इंग्रजी, गणित, विज्ञानातलेच. कोअर विषयांची सरासरी चारपैकी किमान २.३. एसएटी या प्रवेश परीक्षेची अट २०२३ पासून उठली. आमच्या मुलाला यात अडचण नव्हती, पण एक गोष्ट इतर पालकांना सांगावीशी वाटते. शाळेतला प्रत्येक विषय त्यांच्या यादीत नसतो. आमच्याच संघातल्या एका गुणी पोराचे दोन विषय यादीत बसत नव्हते आणि ते बारावीच्या सप्टेंबरमध्ये लक्षात आलं. त्याची आई त्या दिवशी पार्किंगमध्ये माझ्यासमोर रडली. नववीतच यादी उघडून बघा. ती सगळ्यांना पाहता येते.

मग व्हिडिओ. इतर खेळाडू सामन्यांतले चांगले क्षण जोडून तीन-चार मिनिटांची फीत करतात, पहिल्या वीस सेकंदांत सगळ्यात जोरदार खेळ. आम्हीही तशीच केली, संगीत घालून. एका कॉलेजच्या स्पेशल टीम्सच्या, म्हणजे किकच्या खेळाच्या, कोचनं स्पष्ट लिहिलं, की मला हे नको. एकाच दमात मारलेल्या दहा किक पाठव, कॅमेरा मागे ठेवून, न कापता, चुकलेल्या धरून. मला ते उत्तर फार आवडलं. किकर चुकल्यावर पुढची किक कशी मारतो, हे त्यांना बघायचं असतं.

१ सप्टेंबर २०२३ ला मुलगा पहाटेच उठून बसला. अकरावीच्या त्या तारखेपासून डिव्हिजन एकचे कोच मुलांना लिहू शकत होते. दुपारपर्यंत अकरा ईमेल आले. तो एकेक मोठ्यानं वाचत होता, मी आणि बायको ऐकत होतो. त्या दिवशी आम्ही घरी गोडाचं केलं. आठवड्याभरानं संघातल्या एका जुन्या पालकानं ते ईमेल वाचून हळूच सांगितलं, की हे कॅम्पचं आमंत्रण आहे, शेकडो पोरांना जातं. "तुमच्या मुलाच्या खेळाबद्दल एक तरी वाक्य आहे का यात? नाही ना? मग ती जाहिरात." तेव्हापासून आम्ही प्रत्येक पत्रात ते एक वाक्य शोधू लागलो.

त्याच सुमारास भरती जुळवून देणाऱ्या एका कंपनीचा फोन आला. गोड बोलणारा माणूस होता. नकाशावर ठिपके दाखवून म्हणाला, एवढी कॉलेजं तुमच्या मुलात रस घेताहेत. फी तीन हजार डॉलर. आम्ही दोन हप्ते भरले. ठिपका म्हणजे फक्त त्या कॉलेजातल्या कुणीतरी ईमेल उघडला होता, हे नंतर समजलं. मुलाला मिळालेला प्रत्येक खरा प्रतिसाद त्यानं स्वतः लिहिलेल्या पत्राला आला. विषयाच्या ओळीत नाव, २०२५ ची बॅच, किकर-पंटर (पंटर म्हणजे हातातून सोडलेला बॉल लांब मारणारा), सरासरी. मजकुरात चार ओळी आणि व्हिडिओची लिंक. त्यातली एक ओळ त्या कॉलेजबद्दल, वाचून लिहिलेली. अशी शंभराहून जास्त पत्रं त्यानं पाठवली. माणसानं केलेल्या कामाचे पैसे द्यायला मला कधी जड जात नाही, पण पालकाच्या भीतीवर उभा असलेला हा धंदा मला आजही डाचतो.

शाळेचा आणि कॉलेजचा फुटबॉल किकरसाठी एक नाही, हे बाहेरून बघणाऱ्याला ठाऊक नसतं. शाळेत गोलच्या खांबांमधलं अंतर २३ फूट ४ इंच, कॉलेजात १८ फूट ६ इंच. शाळेत फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून पार करायची गुणांची किक, मारताना बॉलखाली दोन इंचांपर्यंतचा ठोकळा चालतो, कॉलेजात १९८९ पासून तो बंद. बॉल थेट जमिनीवर. शाळेत किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करणारी किक, ४० यार्डांच्या रेषेवरून, कॉलेजात ३५ वरून. म्हणजे बारावीत जो पोरगा सगळं पार करतोय, तो कॉलेजच्या मापानं कितपत आहे हे सामन्यातून दिसतच नाही. म्हणून अकरावीच्या हिवाळ्यात मुलानं ठोकळा फेकून दिला. शाळेच्या सामन्यातही जमिनीवरूनच मारायचं ठरवलं. शाळेच्या कोचना ते पसंत नव्हतं, कारण दोन-तीन किक हुकणार हे दिसत होतं. हुकल्याही.

मी ॲथलेटिक डायरेक्टरची परवानगी काढली आणि शिडी लावून वर चढलो. आडव्या दांडीवर दोन्ही खांबांपासून आत २९ इंचांवर केशरी टेप गुंडाळली. दोन टेपांच्या मधलं अंतर बरोबर कॉलेजचं. त्या बाहेर गेलेली किक आम्ही चुकलेली धरायची. ती टेप दोन हिवाळे तिथं होती.

आणि बॉल धरायला कोण? किकला तीन माणसं लागतात. लाँग स्नॅपर दोन पायांमधून बॉल मागे फेकतो, सात यार्डांवर गुडघा टेकून बसलेला होल्डर तो झेलतो, जमिनीवर उभा करतो, शिवण समोरच्या बाजूला फिरवतो, आणि किकर मारतो. सगळं मिळून सव्वा सेकंद, फार तर १.३. रविवारी सकाळी सात वाजता झोपेतून उठून येणारा होल्डर मिळत नाही. म्हणून मी शिकलो. मुलगा उजव्या पायाचा, म्हणून मी बॉलच्या उजवीकडे. एक बोट बॉलच्या टोकावर, कल किंचित माझ्याकडे. पाय येताना डोळे मिटायचे नाहीत. माझे मिटायचे. बोटाच्या दोन इंच खालून बूट सुसाट जातो तेव्हा अंग आपोआप आकसतं आणि बॉल हलतो. मुलगा काही बोलायचा नाही, फक्त पुन्हा पावलं मोजत मागे जायचा. माझे डोळे उघडे राहायला महिना गेला.

फेब्रुवारीत मैदान दगडासारखं व्हायचं. गुडघ्याखाली मी बायकोचं योगाचं जुनं आसन घ्यायचो. पेठेत मी खेळलो तेव्हा माझे वडील पायऱ्यांवर असायचे, पन्नास यार्ड लांब. मुलाचा खेळ मी एका हाताच्या अंतरावरून बघितला. त्याचा श्वास ऐकू यायचा. किक बरोबर लागली की होणारा आवाज आणि जराशी घसरली की होणारा आवाज मी मान वर न करता ओळखू लागलो. त्या दोन वर्षांत आम्ही बोललो ते बहुतेक त्या मैदानावरच, दोन किकच्या मधल्या वेळात. त्याला कॉम्प्युटर सायन्स नको, भूगर्भशास्त्र शिकायचंय, हेही त्यानं मला तिथंच सांगितलं. मी बॉलवर बोट ठेवून बसलो होतो म्हणून कदाचित त्याला सांगता आलं.

२०२४ चा जून कॅम्पांचा. कॉलेजं आपापल्या मैदानावर एका दिवसाचे कॅम्प घेतात, कुठे फी पन्नास डॉलर, कुठे दीडशे. फक्त किकर-पंटरांचेही असतात. कोल्स किंवा ख्रिस सेलर यांच्या कॅम्पात देशभरातून पोरं येतात आणि त्यांची क्रमवारी लागते. ती फी आणि विमान मिळून आम्हाला एकदाच परवडलं. तिथं एका रांगेत साठ-सत्तर किकर उभे होते. मुलगा शाळेत एकटाच किकर, इथे प्रत्येक पोरगा तेच करत होता आणि निम्मे त्याच्याहून लांब मारत होते. परतीच्या विमानात त्यानं एक वही काढली आणि प्रत्येक कॉलेजसमोर त्यांच्याकडे आत्ता किती किकर आहेत, कितव्या वर्षाला आहेत, ते लिहायला बसला. सगळ्या संघांची यादी त्यांच्या साइटवर असते. बेचाळीस कॉलेजांतून सतरा तिथंच गळाली.

आमच्या हातून एक मोठी चूक झाली ती याच महिन्यात. सहा दिवसांत तीन कॅम्प केले. तिसऱ्या दिवशी त्याची जांघ धरली. तरी तो मारत राहिला आणि मी थांबवलं नाही. पाच आठवडे किक बंद. शाळेच्या ट्रेनरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की पिचर जसे फेक मोजतात तशा किक मोजायच्या. आठवड्यातून तीन दिवस, एका वेळी चाळीसच्या आसपास. "तो मागेल, पण बॉल तुमच्या हातात असतो," ती म्हणाली. ते मला लागलं, कारण ते खरं होतं. त्यानंतर चाळीस झाल्या की मी उठून उभा राहायचो.

दुखापतीआधीच्या कॅम्पातला एक दिवस मात्र जमून आला होता. डिव्हिजन एकमधलं एक मोठं विद्यापीठ. नाव लिहीत नाही. जुलैत तिथल्या कोचचा फोन आला. प्रेफर्ड वॉक-ऑन. म्हणजे शिष्यवृत्ती नाही, पण संघात जागा आहे. किकरांपैकी बहुतेक असेच आत येतात आणि पुढे कधी शिष्यवृत्ती मिळवतात. मुलगा फोन ठेवून अंगणात गेला आणि बराच वेळ परत आला नाही. सप्टेंबरमध्ये त्यांनी सामना बघायला बोलावलं. हजारो लोकांच्या त्या स्टेडियमवर मैदानाच्या कडेला आम्ही उभे होतो. मी आबांना व्हिडिओ दाखवला. ते कितीतरी वेळ बघत राहिले. "शाहू स्टेडियमच्या किती पट हाय रं हे?"

त्या वर्षी गणपती शनिवारी, ७ सप्टेंबरला आले. शुक्रवारी रात्री सामना. बायकोनं मखर आदल्या रात्रीच बांधून ठेवलं, मोदकाचं सारण करून ठेवलं आणि स्टेडियमवर आली. इथे संध्याकाळचे सात म्हणजे कोल्हापुरात शनिवारी पहाटे साडेचार. आबा दर शुक्रवारच्या सामन्याला उठून मोबाइलवर बघायचे. त्या रात्री मुलानं ४४ यार्डांवरून मारलेली किक माझ्या टेपांच्या आतून गेली असती, इतकी मधोमध होती. तासाभरानं २८ यार्डांची सोपी किक खांबाला लागून बाहेर गेली. सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. घरी आल्यावर तो मखरासमोर बसून राहिला. मी काही समजावलं नाही. सकाळी त्यानंच आरतीला टाळ घेतले.

डिव्हिजन तीनच्या दोन कॉलेजांशी त्याचं बोलणं उन्हाळ्यापासून चालू होतं. दोन्ही अभ्यासात कडक. तिथं कोच मुलाचे गुणपत्रक आधी प्रवेश कार्यालयाकडे पाठवून अंदाज घेतात, प्री-रीड म्हणतात त्याला. दोन्हींकडून तो बरा आला होता. दोघांचंही म्हणणं एकच, अर्ली डिसिजनमधून, निवड झाली तर येईनच असं बांधून घेऊन, अर्ज कर, म्हणजे आम्हाला जागा धरून ठेवता येईल. ती मुदत नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपत होती. आम्ही नम्रपणे नाही कळवलं. आमच्याकडे मोठ्या विद्यापीठाचा शब्द होता.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या आठवड्यात त्या मोठ्या विद्यापीठाच्या कोचचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होतो, मुलगा जिन्यात बसून बोलत होता. तो फक्त "यस कोच", "आय अंडरस्टँड कोच" म्हणत होता. कारण असं, की ७ ऑक्टोबरला एनसीएएविरुद्धच्या एका मोठ्या खटल्यातल्या तडजोडीला कोर्टानं प्राथमिक मान्यता दिली होती. त्यात फुटबॉल संघाची संख्या १०५ वर बांधली जाणार होती. याआधी शिष्यवृत्त्या ८५ असत, पण वॉक-ऑन धरून संघ १२० च्या वरही जात. आता ते वरचे सगळे बाहेर. दोन किकर ठेवणार, त्यातला एक दुसऱ्या कॉलेजातून बदलून येणारा, अनुभवी. आमच्या मुलाची जागा उरली नाही. कोच वाईट माणूस नव्हता. त्याचा आवाज भरून आला होता, असं मुलगा म्हणाला. पण कागद कुठेच नव्हता. शिष्यवृत्तीवाले ज्या लेटर ऑफ इंटेंटवर सह्या करायचे तेही त्याच ऑक्टोबरमध्ये एनसीएएनं बंद केलं होतं, आणि वॉक-ऑनसाठी तर ते कधी नव्हतंच.

मला राग आला तो माझाच. शब्दावर मुदत घालवायचा निर्णय मुलाचा नव्हता, माझा होता. माझ्या डोळ्यांसमोर ते स्टेडियम होतं.

त्यानं तासाभरानं जिन्यातूनच डिव्हिजन तीनच्या पहिल्या कॉलेजच्या कोचला फोन केला. तिथली जागा दुसऱ्या मुलाला गेली होती. दुसऱ्या कॉलेजचा कोच, पेनसिल्व्हेनियातला, सेंटेनिअल कॉन्फरन्समधला, म्हणाला, की रविवारी आईवडिलांबरोबर ये. आम्ही गेलो. त्याच्या छोट्या खोलीत फळ्यावर चार वर्षांचे किकर-पंटर लिहिलेले होते. या वेळी मुलानं वही उघडली आणि आम्ही आधी कुणालाच न विचारलेले प्रश्न विचारले. माझ्या वर्षात किकर किती घेणार? पहिल्या वर्षी बाहेरच्या सामन्यांना जाणाऱ्यांत मी असेन का? माझा प्रयोगाचा तास आणि सराव एका वेळी आले तर कुठं जायचं? कोचनं एकेकाचं सरळ उत्तर दिलं. एकच घेणार, तोही पंट करणारा हवा. पहिल्या वर्षी बाहेरच्या सामन्यांना बहुधा नाही. प्रयोगाला जायचं आणि सरावाला उशिरा यायचं, इथे सगळे तसंच करतात. एवढी "नाही" असलेली उत्तरं ऐकून मला पहिल्यांदा हलकं वाटलं.

डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी एक डॉलरही देता येत नाही. गुणवत्तेवर आणि घरच्या उत्पन्नावर मिळते ती मदत. अर्ली डिसिजन म्हणजे निवड झाली तर जायलाच हवं, म्हणून आम्ही आधी त्यांच्या आर्थिक मदत कार्यालयाला कागद पाठवले आणि आकडा लेखी मागितला. नऊ दिवसांनी आला. बायकोनं तो छापून फ्रीजवर लावला. मग जानेवारीच्या दुसऱ्या फेरीत अर्ज गेला. थंडीभर मुलगा पंट शिकत होता, आणि त्याला होल्डर लागत नाही, त्यामुळे मी मागे उभा राहून बॉल गोळा करायचो.

फेब्रुवारीच्या मध्यावर निकाल लागला. तो मैदानावर असताना लागला, मोबाइल माझ्या खिशात होता. त्यानं वाचलं, माझ्याकडे दिला, आणि म्हणाला, "बाबा, अजून बारा राहिल्यात." मी गुडघा टेकला.

जूनच्या सहा तारखेला त्या खटल्याला अंतिम मान्यता मिळाली. संख्येच्या मर्यादेमुळे ज्यांची कबूल केलेली जागा गेली, अशा मुलांना कॉलेजं मर्यादेबाहेर ठेवू शकतात, अशी सोय त्यात होती. मी ती बातमी दोनदा वाचली आणि मुलाला पाठवली. त्यानं उत्तर दिलं, "वाचलं. तो फोन करणार नाही. आणि केला तरी माझं ठरलंय." फोन आला नाही.

ऑगस्टमध्ये त्याला सोडायला गेलो त्याच्या आदल्या दिवशी मी शिडी घेऊन शाळेच्या मैदानावर गेलो आणि टेप काढली. उन्हानं ती दांडीला घट्ट चिकटली होती, नखांनी खरवडावी लागली.

आता शनिवारी दुपारी एकला सामने असतात. घरच्या पहिल्या सामन्याला आम्ही अडीच तास गाडी चालवून गेलो. तिथले प्रेक्षक दीड-दोन हजार, कुत्री घेऊन आलेली म्हातारी माणसं, गवतावर पसरलेल्या चादरी. तो गणवेश घालून कडेला उभा होता, किकर क्रमांक दोन. सामन्याआधीच्या सरावात त्यानं दहा किक मारल्या. बॉल धरायला त्यांचा बॅकअप क्वार्टरबॅक होता, उंच पोरगा. त्याच्या बोटाकडे माझं लक्ष होतं. बॉल जराही हलत नव्हता.

कोल्हापुरात रात्रीचे साडेदहा वाजले होते. आबांचा फोन आला.

"मारला का रं त्यानं?"

"नाही आबा. आज बहुतेक नाही उतरणार. दुसरा पोरगा सीनिअर आहे."

"आणि हंगाम किती दिसांचा?"

"नोव्हेंबरपर्यंत."

"मग बसतो की म्या," आबा म्हणाले. "तू फोन तसाच धर मैदानाकडं."